पोत्यावरची बैठक

आबा, आज पहाटे पुन्हा बसले. तुमचंच पोतं घडी करून.

तुम्ही गुऱ्हाळावर गुळव्या होता, गूळ कधी उतरवायचा ते तुमच्या शब्दावर ठरायचं. अजून डोळ्यांपुढं आहे: चुलवाण पेटायच्या आधी तुम्ही रसाच्या काहिलीशेजारी डोळे मिटून बसता, पाठ ताठ, आणि मी नऊ वर्षांची, ऊस खात बघते आहे. एका सकाळी तुम्ही झोपा काढता, असं मालकांच्या कानावर गेलं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "झोपायला ठेवलंय व्हय तुला हितं?" तुम्ही ऐकून घेतलंत. त्या दिवशीचा पाक तपासताना तुमचा हात जराही हलला नाही. घरी जाताना एवढंच म्हणालात, "काहिलीफुडं उभं ऱ्हायचं तर आदी मन जाग्यावर पायजे. कोन काय म्हनंल म्हून बसनं सोडायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथंच बसलात.

मी आता कोल्हापुरात योगवर्ग चालवते. लोकांना ध्यानाला बसवते आणि स्वतः घड्याळ बघते. माझं बसणं कधीच सुटलं होतं. मागच्या महिन्यात डेअरीला दूध घालून वर्गाला येणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "बाई, तुमी सवता कवा बसता?"

"रोज पहाटे पाचला," मी ठोकून दिलं.

"मग मीबी उद्यापास्नं पाचलाच बसते की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली ती त्यांच्या आठवणीनं. माझ्या थापेवर विसंबून एक बाई अंधारात उठून बसली असेल, हे मला सोसेना. बसले. गुडघे बोंबलत होते, मन गॅस सिलिंडरपासून धाकट्या जावेपर्यंत हिंडून आलं, पण जागा सोडली नाही. तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही; ताप होता तेव्हा भिंतीला टेकून बसले. परवा वर्गात चटईच्या जागेवरून दोघी भांडल्या. पूर्वीची मी त्यांत तिसरी झाले असते. या खेपेला नुसती उभी राहिले, आणि त्या गप्प झाल्या. आबा, हे आता मी सोडणार नाही.

हा कागद पाठवायचा कुठं? पोत्याखालीच ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी मालकांनी मला विचारलं होतं, तुझा बा काय करतोय. तुम्ही जागे आहात हे मला ठाऊक होतं. पण डोळे मिटून नुसते बसलाय, हे सांगायची मला लाज वाटली. झोपल्यात, असं मीच म्हणाले होते.