न ऐकलेल्या पक्ष्याची नोंद

सौ. गृहस्वामिनीस, दूरस्थ आज्ञाधारकाचा नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण, एक घोर अन्याय. आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळाने माझी पांढरी टोपी पक्ष्यांच्या मनःशांतीस बाधक ठरवून जप्त केली आहे. नव्या मातकट टोपीत मी बटाट्यासारखा दिसतो. हसू नकोस.

सुट्टीला तरी कान कारखान्यातल्या यंत्रांपासून दूर न्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी जातो. इतरांची कारणं वेगळी. शिंपीबुवांना आकडा हवा. पक्षी दिसला, वहीत खूण केली, की त्याच्याकडे पाठ. निवृत्त नर्सबाई एकाच घरट्यासमोर तासभर बसतात. म्हणतात, "हा पेशंट घंटी वाजवत नाही." औषधवाले आजोबा तर डोळे मिटून नुसते ऐकतात.

रविवारी तेच कुजबुजले, "ऐकलंत? काय गोड शीळ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, वहीत नोंदही केली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भाऊ, अजून गातोय का हो तो?"

"वा, अप्रतिम!" मी म्हणालो.

पक्षी केव्हाच उडून गेला होता. आजोबांनी माझी वही घेऊन ती नोंद हलकेच खोडली.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटीची परीक्षा झाली का? तू हे फोनवर सांगितलंच असशील. मी नुसतं "हो, हो" म्हणत होतो. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत, आणि उरलेलेही जातील असं डॉक्टर म्हणतात. धाकटीचा आवाज गेलाच आहे. आता तुझाही जाईल, याची मला फार भीती वाटते.

तुझाच