सुजयला रोह्यातून उठवायचं मशीन

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
नवीन वर्षाचा संकल्प, पाच दिवस लेट. डायरी आजच मिळाली.
सुजयला रोह्यातून उठवायचा.
अकरा वर्षं माझ्या पेणच्या वर्कशॉपमध्ये होता. गॅस कटर हातात धरायला मी शिकवलं. मग त्याला लेझर कटिंगचं वेड लागलं. मी म्हटलं, हे आपल्याकडच्या हवेत टिकायचं नाय. तो रोह्याला गेला आणि तेच मशीन लावून बसला. काल कळलं की डोलवीचा कॉन्ट्रॅक्टर, चौदा वर्षांचं माझं गिऱ्हाईक, आता सगळ्या लोखंडी प्लेटा कापायला त्याच्याकडे पाठवतो. म्हणे माझी कड घासावी लागते, त्याची लागत नाही.
त्याचं मशीन तीन किलोवॅट. मी सहा घेणार. आणि टिकाऊ घेणार. त्याचं बंद पडेल त्या दिवशी कोलाडला मिसळ खाऊन त्याच्या बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसेन.

९ जानेवारी, गुरुवार
पनवेलहून मिथुन नावाचा सेल्समन आला. मी टिकाऊपणाचे एकेचाळीस प्रश्न काढून ठेवले होते. तो म्हणाला, लेझरचा सोर्स एक लाख तास चालतो. हिशेब केला. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे एकेचाळीस वर्षं. मी तेव्हा पंच्याण्णवचा. ठीक आहे. लेखी मागितलं. तर म्हणे वॉरंटी दोन वर्षं. मी विचारलं, उरलेली एकोणचाळीस वर्षं तुमचा तुमच्यावर भरवसा नाय का? त्याने पाणी मागितलं. बाकीचे चाळीस प्रश्न पुढच्या वेळी.

२१ जानेवारी, मंगळवार
मिथुन परत. खाडीची खारी हवा, व्होल्टेज, धूळ, सगळं विचारलं. एसी केबिन, स्टॅबिलायझर, गार पाण्याचा चिलर, सगळ्याला त्याच्याकडे उत्तर. लेन्सची काच म्हणे बाईकच्या ब्रेकसारखी अधूनमधून बदलायची. मी म्हटलं, माझे ब्रेक सात वर्षं तेच आहेत. आमची मालू आतून म्हणाली, "म्हणून तर गडब गावाजवळ बाईकसकट शेतात गेलाव."
बायकोचं बोलणं यापुढे डायरीत घ्यायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी
मिथुन कंटाळला. म्हणाला, याच हवेत अडीच वर्षं विनातक्रार चाललेलं मशीन दाखवतो, चला. गाडी रोह्याला वळली तेव्हा मला शंका आली. सुजयच्या दारात थांबली तेव्हा मी काच वर केली.
सुजय धावत आला, पाया पडला. "काळूदादा, येवा, बसा." भजी मागवली. वही दाखवली: लेन्स रोज सकाळी साफ, चिलरचं पाणी महिन्याला. मी बॅटरी घेऊन मशीनखाली शिरलो. गंज नाही. एक कोळिष्टक सापडलं. नोंद केली.
भजी बरी होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मिथुनचा फोन. सुजय मशीन विकतोय. अर्ध्या किमतीत.
मी इतका हसलो की मालू बघायला आली. म्हणाली, चालतं मशीन तो विकतो कशाला? मी म्हटलं, बुडाला म्हणून. "गो, धंद्यातलं तुला कळत नाय."
तेच घ्यायचं ठरवलं. टिकाऊपणा डोळ्यांनी पाहिला आहे आणि शत्रूचं हत्यारही हातात येतं. सहा किलोवॅट गेले खड्ड्यात.

१० मार्च, सोमवार
क्रेनने मशीन आलं. सुजय स्वतः आला, लेव्हल केलं, तीन दिवस शिकवणार आहे. मशीन सोडवत नसणार बिचाऱ्याला. मुद्दाम टवका उडालेल्या कपात चहा दिला. प्यायला. वर म्हणाला, हा माझाच जुना कप ना?

२ एप्रिल, बुधवार
कोलाडला मिसळ खाल्ली. रोह्याला पोचलो. शटर बंद नव्हतं. शटरच नव्हतं. भिंत फोडून दार रुंद करणं चाललं होतं. बारा किलोवॅटचं येतंय.
सुजयने माझे दोन्ही हात धरले. "दादा, तुम्ही जुनं घेतलंत म्हणून बँकेचं जमलं. तुमचे उपकार हायत."
परतताना मिसळ बाधली.
मालू काही बोलली नाही. ते मात्र लिहून ठेवतो.

२८ एप्रिल, सोमवार
मशीन एक दिवसही बंद पडलेलं नाही. कामच नाही तर पडणार कसं. डोलवीवाला म्हणतो, जाड प्लेटा सुजयच्या बारा किलोवॅटवर कापायच्या, म्हणून थांबलोय. मी रोज सकाळी लेन्स पुसतो. काहीतरी बिघडलं की सुजयला फोनवर आईबापावरून शिव्या घालायच्या, त्या तयार आहेत. बिघडत नाही.

१२ मे, सोमवार
लेझरवरची पहिली ऑर्डर. सुजयची. नव्या युनिटच्या नावाचा स्टीलचा बोर्ड. त्याचं मोठं मशीन कंपनीच्या कामात गुंतलंय. फोन मालूने घेतला आणि परस्पर हो म्हणाली.
एक वेलांटी खायची ठरवली होती. पण फाईल त्याच्याकडून आली, मशीनने जशीच्या तशी कापली. कड अशी आली की घासावी लागली नाही. दहा मिनिटं बोट फिरवत बसलो.
मग भानावर आलो आणि सूड घेतला. पॉवर कमी करून बोर्डाच्या पाठीवर माझं नाव कोरलं. चांगलं वीतभर.

१३ मे, मंगळवार
रोह्याला बोर्ड लावून आलो. बोर्डाची पाठ भिंतीला चिकटून बसते. सहा बोल्ट, सगळे मीच आवळले.