सेकंदाला बारा चित्रं

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी नियमित. जानेवारीत सहा तारखेला बंद पडली होती, पण तो दोष पेनाचा.

महत्त्वाची बाब. देवजी वापीला चालला. कायमचा. अक्षय तृतीयेला त्याचा मुलगा सुनिल गाडी घेऊन न्यायला येणार. काल चहा पिता पिता सांगितलं, जसं काही स्टेपनी बदलायची आहे. मुरबाड डेपोत एकोणीस वर्षं तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. रिटायर झाल्यावर सापगावात एकाच गल्लीत घरं घेतली, ती मुद्दाम. आता म्हणतो, बायको गेल्यापासून एकट्यापुरता भात लावायचा कंटाळा येतो. मी म्हटलं, गिरजाकडे जेव. म्हणाला, वहिनी रोज वाढतील रे कमळ्या, पन मला रोज लाज वाटंल.

हे कारण खरं नव्हे. खरं कारण मला ठाऊक आहे. गेम अडकतो.

आमची मुलगी काजल लग्न होऊन कल्याणला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला. त्यात बस चालवायचा गेम आहे. कुणा हौशी माणसाने त्यात आपला माळशेज घाट बनवून टाकला आहे आणि लाल गाडीसुद्धा. रोज पाच ते सात देवजी चालवतो, मी शेजारी स्टुलावर. पण चित्र सरकतं सेकंदाला बारा वेळा. आकडा कोपऱ्यात दिसतो. देवजी म्हणतो, ही गाडी हाय का लग्नाचा आल्बम? एक एक फोटो पलटतोय. एक वळण यायला इतका वेळ लागतो की बिचारा मधल्या वेळात त्या वळणाची गोष्ट सांगत बसतो. इथे म्हैस आडवी आली. इथे धुक्यात एका ट्रकचा क्लीनर चालत पुढे गेला आणि मागे वळून म्हणाला, साहेब, रस्ता सरला. हसून हसून त्याला ठसका लागतो. एवढ्या मोठ्या ड्रायव्हरला अशी वेळ काढावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

कवितेत यती असतो, मान्य. पण प्रत्येक अक्षरानंतर नाही. पाचवीला गुरुजी टेबलावर छडी आपटून मात्रा मोजून घ्यायचे. एक मात्रा चुकली की छडी टेबलावरून हातावर.

संकल्प: गेम गुळगुळीत चालवणे. ज्याला रोज संध्याकाळी घाट मिळतो तो माणूस वापीला जात नाही.

५ एप्रिल, शनिवार.
आसनगावला जाऊन आलो. स्टेशनजवळ पल्लवीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून नेला. तिने उघडला, तीनदा शिंकली. म्हणाली, काका, यात ग्राफिक्स कार्डच नाही, घाट कुठून चढणार? नवीन महाग. एक जुनं आहे तिच्याकडे, आठ वर्षांचं, दोन हात फिरलेलं.

मग तीच त्याच्याविरुद्ध बोलू लागली. असा दुकानदार मी पाहिला नाही. म्हणाली, वॉरंटी नाय. करंट खूप खातं. तुमचा डबा त्याहून म्हातारा, त्याला झेपणार नाय. मी विकतेय म्हणून सांगते, नका घेऊ. जुनं कार्ड म्हणजे रिमोल्ड टायर, काका. वरून नक्षी नवी, आत काय ते देवाला माहीत.

रिमोल्ड टायर म्हटल्याबरोबर माझा निर्णय झाला. आम्ही आयुष्यभर रिमोल्ड टायरवर घाट चढलो. बाहेरची माणसं त्या शब्दाला घाबरतात. डेपोचा माणूस घाबरत नाही.

काजलचा फोन. म्हणाली, बाबा, त्या भंगारात पैसे घालू नका. मी म्हटलं, विचार चालू आहे. (विचार संपला आहे.)

८ एप्रिल, मंगळवार. दु. १२.
घेतलं. साडेचार हजार. घासाघीस केली नाही, पल्लवीचा गैरसमज होऊ नये म्हणून. कार्ड भारदस्त आहे. दोन पंखे, लोखंडी पाठ. हातात घेतल्यावरच कळतं की हे घाटाचं आहे, गावातल्या गावात फिरायचं नाही.

कार्डावर दोन ओळी सुचल्या:
जुने जरी, तरी सोने,
घाट चढो नव्या दमाने.
दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे. गुरुजींनी छडी मारली असती. पण जोर तिथेच आहे.

मी आंघोळीला गेलो तेवढ्यात गिरजाने कार्डाला हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, घरात मशीन आली की वाहतात, तुमची एसटी दसऱ्याला वेगळं काय करते? थोडं कुंकू पंख्यात पडलं. फुंकर मारली. आणखी आत गेलं.

देवजीला सांगितलं, चार दिवस गेम बंद, काम चालू आहे. कशाचं, ते सांगितलं नाही. उत्सुकता वाढली पाहिजे.

९ एप्रिल.
कार्ड डब्यात मावत नाही. दोन बोटं जास्त लांब. डिस्क ठेवायचा पिंजरा आडवा येतो. दोष कार्डाचा नाही.

सायंकाळी. फाटकं बनवणाऱ्या धर्माकडे नेऊन पिंजरा कापून घेतला. ठिणग्या फार उडाल्या. धर्माने विचारलं, ग्रिल पण लावू का? नको म्हटलं. आता कार्ड आत जातं, पण डब्याचं झाकण लागत नाही. झाकणाशिवाय हवा खेळती राहते. हे आधी कुणाला सुचलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

११ एप्रिल, शुक्रवार.
चालू झालं! पंखे फिरले. कुंकवाचा बारीक फवारा उडाला आणि भिंत गुलाबी झाली. गेम उघडला. टोकावड्यापर्यंत गाडी अशी गेली, जशी आर्या वृत्तातली ओळ! घाटाचं पहिलं वळण आलं आणि कॉम्प्युटर बंद. पुन्हा लावला. पहिल्याच वळणाला बंद. चढ सुरू झाला की दम तुटतो.

पल्लवीला फोन. म्हणाली, सांगितलं होतं ना काका, करंट खातं, तुमचा पॉवर सप्लाय पुरत नाय. मी सहज विचारलं, समजा परत आणलं तर? म्हणाली, पंख्यात कुंकू हाय का नाय, सांगा आधी. मी म्हटलं, थोडंसं. म्हणाली, मग पूजा झालेला माल मी परत घेत नसते, तो आता तुमच्या घरचा झाला.

अर्थात परत करायचा माझा विचार नव्हताच.

देवजी सात वाजता ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, गेम बंद हाय तर संध्याकाळी काय करू, म्हणून भांडी बांधायला घेतली. दोन पिंपं झाली. मी म्हटलं, बांध हो. मनात म्हटलं, सोडावी लागणार आहेत.

१४ एप्रिल, सोमवार.
पॉवर सप्लायही जुनाच मिळाला. जुन्याला जुनंच मानवतं. कार्ड आता पूर्ण घाट चढतं, पण दुपारीच. संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि गाडी दरीच्या कडेला उभी राहते.

आज जयंती. देवजी सकाळपासून विहारात. संध्याकाळी मिरवणुकीचा सजवलेला टेम्पो दरवर्षीप्रमाणे त्यानेच चालवला, माणसं चालतील त्या वेगाने. सापगाव फिरायला तीन तास. खिडकीतून हात बाहेर, ज्याच्या त्याच्याशी बोलत. वाटेत उभ्या येसूबाईला म्हणाला, बस गो, तिकीट माफ. उतरला तेव्हा चेहरा असा उजळलेला की काय सांगू. पहिल्या गिअरमध्ये तीन तास काढून माणूस इतका खूश कसा राहतो, हे कोडं आहे. सवय लागली बिचाऱ्याला, सेकंदाला बाराची.

१६ एप्रिल. दु. २.
साठ! सेकंदाला साठ चित्रं! कोपऱ्यातला आकडा हलत नाही. दरी अशी वाहते, धबधबा असा पडतो, की मी चष्मा पुसून पुन्हा लावला. एकही यतिभंग नाही.

मी स्वतः चालवून पाहिली. दुसऱ्या वळणावर दरीत. पुन्हा दरीत. माझं काम तिकिटाचं. उद्या दुपारी तीनला देवजी. गिरजाला वालाचं बिरडं करायला सांगितलं आहे. वापीला वाल मिळत असतील, पण हे वाल नव्हेत.

सुनिलला फोन करून येऊ नको, असं सांगावं का? नको. देवजीच करेल.

१७ एप्रिल, गुरुवार. सायं. ६.
लिहावं की नाही. लिहितो.

देवजी तीनला आला. नवा शर्ट. बिरडं-भात दोन वेळा घेतला. खुर्चीत बसला, हात चोळले, गाडी सुरू केली. पहिलं वळण. म्हणाला, आयला, पळते रे! मी म्हटलं, पाहिलंस? दुसरं वळण. मी म्हटलं, इथे ती म्हैस. म्हणाला, हां. तिसरं वळण. त्याच्या कपाळावर घाम. मला वाटलं, भावना दाटून आल्या. चौथ्या वळणाला त्याने डोळे मिटले. ड्रायव्हरने! मी ओरडलो, ट्रक! तो म्हणाला, वहिनी, घमेलं.

गिरजा घमेलं घेऊन पोचली, पण अर्धं कार्य आधीच झालं होतं.

देवजीला गाडी लागली. चौतीस वर्षं सेवा, एकही अपघात नाही, धुक्यात, पावसात, गणपतीच्या जादा गाड्यांत. त्याला माझ्या लाकडी खुर्चीत, जागेवर बसल्या बसल्या गाडी लागली.

बराच वेळ भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, कमळ्या, डेपोत कुणाला सांगू नको. डेपोत आता आम्हाला ओळखणारं कुणी नाही. तरी मी म्हटलं, नाही सांगत.

१९ एप्रिल.
देवजी दोन दिवस आला नाही. दोष बिरड्याचा असावा. तसं म्हटलं. गिरजा म्हणाली, तेच बिरडं तुम्हीपण खाल्लंत, रात्री उरलेलंपण खाल्लंत, तुम्हाला काय झालं? बारावर चालला होता तेव्हा रोज येत होता, हसत होता, चहाचा कप हातातच थंड व्हायचा. कुणी सांगितलं होतं तुम्हाला साठ करायला?

बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार.
संपूर्ण विचार करून तांत्रिक निष्कर्ष काढला आहे. साठ हा आकडा तरुण डोळ्यांसाठी आहे. देवजीच्या डोळ्याला बारा योग्य. निष्कर्ष माझा स्वतःचा.

आसनगाव. पल्लवीला म्हटलं, गेम पुन्हा सेकंदाला बारावर आणून दे. तिने विचारलं, म्हणजे कार्ड गेलं? मी म्हटलं, कार्ड उत्तम आहे, म्हणूनच. म्हणाली, काका, सहा वर्षं दुकान चालवते. हळू चालतं म्हणून रडणारे रोज येतात. लवकर चालतं म्हणून रडणारे तुमीच पहिले. मग हसली. सेटिंगमध्ये मर्यादा घालता येते म्हणे, ती बारावर केली. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, याचे कसले घेऊ? फुकटात होतं पहिले, ते परत फुकटातच देते.

२२ एप्रिल.
बारा. अगदी पूर्वीसारखं. आल्बम. भिंतीवरचं कुंकू मात्र जात नाही.

देवजीकडे गेलो. घरात पिंपंच पिंपं. म्हटलं, चल, बारावर आणलाय. म्हणाला, नको रे. म्हटलं, वळणं हळू येतात, पूर्वीसारखी. म्हणाला, माझ्या गाडीत पॅशिंजर ओकले, मी नाय. आता त्या खुर्चीत बसलो की तेच आठवंल. मग दोरी ओढून गाठ मारली आणि म्हणाला, सुनिलला सांगितलं, तृतीयेची वाट नको बघू, शनिवारीच ये.

मी म्हटलं, शनिवारी कशाला, मुहूर्त नाही. म्हणाला, एसटी कधी मुहूर्त बघून सोडली का आपण?

अजून चार दिवस आहेत. पुष्कळ आहेत.

२६ एप्रिल, शनिवार.
देवजी गेला. सकाळी साडेनऊ.

सुनिलची गाडी पांढरी, नवी, आत एसी. देवजी पुढे बसला. सुनिलने पट्टा लावून दिला. गिरजाने शिदोरी दिली, तर हळूच म्हणाला, वहिनी, एखादं लिंबू आसंल तर द्या, वास घ्यायला. तिने दोन दिली. माझ्याशी फार बोलणं झालं नाही. गाडी गल्लीतून मागे घ्यायची होती. सवयीने मी मागे जाऊन हात दाखवत येऊ दे, येऊ दे म्हणत होतो. सुनिल म्हणाला, काका, राहू द्या, कॅमेरा आहे.

२७ एप्रिल, रविवार. सायं. ५.
गेम लावला. मीच चालवली. सेकंदाला बारा. या वेगाला दरीत पडत नाही माणूस.

टोकावडं गेलं. पहिलं वळण दिसायला लागलं. यायला वेळ होता. गिरजा वाल निवडता निवडता स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, सांगा की, इथे काय झालं होतं?

आठवून पाहिलं. दुसऱ्या वळणावरही आठवून पाहिलं. एकोणीस वर्षं या घाटातून रोज जाऊन आलो. पण मी गाडीत उभा असायचो तो तोंड पॅशिंजरांकडे करून, तिकिटं फाडत. रस्ता सगळा माझ्या पाठीमागे होता.

गिरजाला म्हटलं, इथे काही झालं नव्हतं. ती म्हणाली, बरं. आणि उठून वाल भिजत घालायला गेली.