प्रबुद्धपेक्षा स्वस्त

सोमवार, ३ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.

आज प्रबुद्धने माझा अपमान केला. सोसायटीच्या गेटवर, चारचौघांत.

तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. दोघांची ऑफिसं अंधेरी एमआयडीसीत. सहा वर्षं आम्ही कांजूरहून ॲपवर एकच गाडी मागवतो, भाडं अर्धं-अर्धं. गाडी कधी बुक करायची ते मी ठरवतो. कारण भाड्याचा अंदाज हा माझा विषय आहे.

सव्वाआठला २३० दाखवत होतं. मी म्हटलं थांब, पाच मिनिटांत दोनशेच्या खाली येईल. पाच मिनिटांत २६० झालं. मी म्हटलं, आता उतरेल. नऊला ४१०. त्याची साडेनऊला कसली तरी मीटिंग होती. म्हणाला, अन्या, तुला भाड्यातलं काही कळत नाही रे, तू नुसता फोनकडे बघत बसतोस.

वॉचमन अंबादास हसला. दूध घेऊन चाललेल्या सुलक्षणाबाई हसल्या.

मी अत्यंत शांतपणे म्हणालो, उद्यापासून तू तुझा, मी माझा. माझी बायको दर्शना म्हणते, शांतपणे काय, मला वर किचनमध्ये ऐकू आलं. मिक्सर चालू असताना तिला काय ऐकू येणार!

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ६.

सूड घ्यायचा. पण आकड्यांनी.

नवी एक्सेल फाइल उघडली. नाव 'प्रबुद्धपेक्षा स्वस्त'. ३१ डिसेंबरपर्यंत माझा प्रवासखर्च त्याच्या निम्मा. मग प्रिंट काढायची, लॅमिनेट करायची आणि त्याच्या दारावर चिकटवायची. चिकटपट्टी अशी की निघताना रंगही निघाला पाहिजे.

सहा वर्षांत मी त्याचे किती पैसे वाचवले, याची त्याच्याकडे नोंद नाही. माझ्याकडेही नाही. पण अंदाज आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

मोठा शोध. सकाळी ६.४० ला भाडं फक्त १६८! त्या वेळी कुणालाच कुठे जायचं नसतं.

सात वीसला ऑफिसला पोचलो. ऑफिस नऊला उघडतं. पायऱ्यांवर बसलो. इडली दोन प्लेट, कटिंग तीन, वर्तमानपत्र दोन. नाश्ता हा प्रवासखर्च नाही. तो माणूस घरीही करतोच. (घरी केला होता. पण सहाला.)

सोमवार, १० नोव्हेंबर.

गेटपेक्षा हायवेवरून बुक केलं तर नऊ रुपये कमी. अठरा मिनिटं चालत गेलो. वाटेत बुटाचा सोल निघाला. मोची साठ म्हणाला, पन्नासवर आणला. तिथेही दहा वाचवले. बूट प्रवासखर्चात धरलेले नाहीत, ते कधी ना कधी तुटणारच होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

प्रबुद्धने गाडी घेतली! सेकंडहँड, सीएनजीवर चालणारी. निव्वळ मला जळवायला. हप्ता, इन्शुरन्स, पार्किंग, पंक्चर सगळं धरून मी अंदाज काढला. मार्चपर्यंत हा माणूस खलास.

आज मला उठायला उशीर झाला. गेटवर काच खाली करून म्हणाला, येतोस का, जागा आहे. गुर्मी बघा. मी म्हटलं माझी गाडी बुक झालीय. झाली नव्हती. तो जाईपर्यंत भाजीवाल्याच्या मागे उभा राहिलो. भाजीवाल्याने दोन वेळा विचारलं, काय देऊ. शेवटी कोथिंबीर घेतली. ऑफिसात दिवसभर वास.

संध्याकाळी आईचा क्लास घेतला. महिन्यापूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सोमवारपासून पवईला फिजिओथेरपी, आठवड्यातून दोनदा, सकाळी नऊला. दर्शनाची मुलुंडच्या लॅबमध्ये सातची ड्यूटी. मी ६.४० ला निघणार म्हणजे निघणार. तेव्हा आई एकटी जाणार. गाडी मागवायची दोन्ही ॲप कशी उघडायची, भाव ताडून कसा बघायचा, दहा मिनिटांनी परत कसा बघायचा, सगळं अर्धा तास समजावलं. आई म्हणाली, बरां.

दर्शना म्हणाली, अरे, त्या पहिल्या दिवशी तरी तू रजा घे ना. मी म्हटलं, एका दिवसाच्या रजेने पूर्ण महिन्याचा डेटा बिघडतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

डोळ्यांत पाणी आलं. आल्या आल्या आईला विचारलं, किती लागले? पंच्याहत्तर, म्हणाली. फक्त? फक्त, म्हणाली. ॲपचा जाऊन-येऊन अंदाज होता २३०!

बाहत्तर वर्षांची बाई. फोन लॉक करता येत नाही. आणि माझ्या पद्धतीने पहिल्याच दिवशी दीडशेच्या वर वाचवले. म्हणजे पद्धत बरोबर आहे. माझ्या बाबतीत ड्रायव्हर बरोबर मिळत नाहीत, एवढंच.

दर्शनाला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, हो, मी बघतेच आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

आई पुन्हा पंच्याहत्तर. झकास.

मी: हायवेवर भाव उतरायची वाट बघत आठ वाजले, मग तीन ड्रायव्हरांनी ट्रिप कॅन्सल केली. चौथ्याने कुठे जायचं विचारलं आणि अंधेरी ऐकून फोन कापला. त्याला परत फोन करून समजावलं की हे नियमात बसत नाही. वीस मिनिटं समजावलं. तो म्हणाला, भाऊ, तेवढ्यात तू चालत पोचला असतास. अहंकारी माणूस. प्रबुद्धच्या ओळखीतला असणार.

तिसरा लेट मार्क. अर्ध्या दिवसाचा पगार कापणार. पगारातली कपात हा प्रवासखर्च नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

नवी युक्ती. पहिल्या मजल्यावरचे धोंडिराम काका रोज साकीनाक्याला भाचीकडे जातात. त्यांना म्हटलं, माझ्याबरोबर चला, भाडं अर्धं-अर्धं. काका तयार झाले. येताना भाचीसाठी शिलाई मशीन घेऊन आले. छोटी गाडी कॅन्सल करून मोठी मागवावी लागली. साकीनाक्याला उतरताना म्हणाले, मी अंधेरीपर्यंत येत नाही, मग अर्धे कशाला देऊ? हिशेब बरोबर होता, त्यामुळे जास्तच राग आला. शिवाय मशीन मीच उचलून दिली.

आई: पंच्याहत्तर. बाई हलत नाही पंच्याहत्तरवरून!

बुधवार, ३ डिसेंबर.

लॅमिनेशनचा बेत रद्द. त्यापेक्षा भारी सुचलं.

१४ तारखेला सोसायटीची सभा आहे. सेक्रेटरी माधुरी मॅडमना गाठलं. टाकी धुण्याच्या विषयानंतर मला पंधरा मिनिटं मिळाली. विषय: ॲपच्या प्रवासाचा अंदाज आणि बचत. प्रोजेक्टर ऑफिसातून आणतो. जिथे तो हसला, त्याच गेटपासून वीस पावलांवर त्याला खुर्चीत बसून माझं ऐकावं लागणार.

(प्रत्यक्षात हसले अंबादास आणि सुलक्षणाबाई. पण हसवलं त्याने.)

प्रबुद्धला व्हॉट्सॲपवर खास निमंत्रण. त्याने अंगठा पाठवला. भित्रा.

सोमवार, ८ डिसेंबर.

विचित्र प्रकार. संध्याकाळी प्रबुद्धच्या गाडीत वाकून बघितलं. किलोमीटर किती झाले ते बघायचं होतं. पुढच्या सीटवर आईसारखीच हिरवी शाल. डाव्या कोपऱ्याला तसंच रफू.

दर्शनाला सांगितलं. ती डाळ ढवळत म्हणाली, त्यालाच विचार ना. मी कशाला विचारू? त्याने तसलीच घेतली असणार. माझं बघून आता शालीसुद्धा!

गुरुवार, ११ डिसेंबर.

सभेसाठी आकडे काढले. नोव्हेंबरचा माझा स्वतःचा खर्च ऑक्टोबरपेक्षा थोडा जास्त दिसतोय. म्हणजे दीडपट. सभेत फार आकडे दाखवले की लोक कंटाळतात, म्हणून माझा रकाना काढला. फक्त आईचा ग्राफ ठेवला. हिरवा.

आईला म्हटलं, रविवारी तुला दोन शब्द बोलायचेत. ती म्हणाली, माका काय बोलूक येता? मी म्हटलं, जे करतेस तेच सांग.

रविवार, १४ डिसेंबर. दुपारी ३.

लिहितो. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

सभा अकराला सुरू झाली. बत्तीस माणसं. प्रबुद्ध दुसऱ्या रांगेत. मी प्रस्तावनेत म्हणालो की काही लोकांना गाड्या घ्याव्या लागतात, कारण त्यांना अंदाज येत नाही. त्याच्याकडे बघून म्हणालो. मग आईचा ग्राफ लावला. २३० कुठे, ७५ कुठे! टाळ्या पडल्या. सुलक्षणाबाईंनी फोटो काढला.

मग मी माइक आईच्या हातात दिला. म्हटलं आई, सांग सगळ्यांना. कुठलं ॲप? किती वाजता बघतेस?

आईने आधी प्रबुद्धकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता. मग म्हणाली, "मी खंय काय बघतंय? मी साडेआठाक खाली जावन उभी रवतंय. प्रबुद्ध गाडी काढता. पायऱ्यो चढताना हात धरून वर नेता, मगे हापिसाक जाता. पंच्याहत्तर ते येतानाचे. रिक्षाचे."

माइक चालू होता. अंबादासला गेटवर ऐकू गेलं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू खंय इचारलंस? तू किती लागले ताच इचारीस.

आता तो हसेल म्हणून मी वाट बघितली. हसला असता तर मी बोलणार होतो, तयारी होती. तो हसला नाही. उठून माधुरी मॅडमना म्हणाला, पुढचा विषय घ्या ना, पार्किंगचा. आणि प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "मीच मावशींना म्हटलं होतं, सांगू नका. तुला उगाच लागेल."

कुणीच हसलं नाही. बत्तीस माणसं, आणि एकही नाही.

सोमवार, १५ डिसेंबर.

रजा. ताप नाही. पण असावा असं वाटतं.

साडेआठला खिडकीतून बघितलं. आई पुढच्या सीटवर. तो दार लावायच्या आधी तिचा पदर आत घेत होता.

संध्याकाळी तो आईची गाडीत पुन्हा राहिलेली शाल द्यायला आला. मी बाथरूममध्ये होतो. दर्शनाने त्याला चहा दिला, मग पोहे दिले. मी चाळीस मिनिटं नळ सोडून बसलो. सगळं ऐकू येत होतं. गुरुवारी तो पुण्याला जाणार आहे, मावशींचं काय करायचं, विचारत होता. दर्शना म्हणाली, तिचा मुलगा नेईल. आणि बाथरूमच्या दारावर दोनदा टकटक केली.

बुधवार, १७ डिसेंबर.

फाइल डिलीट करायला उघडली. तीन रुपयांची एक बेरीज चुकलेली सापडली. दुरुस्त केली. मग डिलीट केली.

त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. बेल वाजवली नाही. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हटलं जेवणाची वेळ आहे. उद्या तो पुण्याला आहे, म्हणजे परवा बघू.

गुरुवार, १८ डिसेंबर.

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आईला पवईला नेलं. जी गाडी पहिली आली ती घेतली. किती दाखवत होतं, बघितलं नाही.

फिजिओथेरपीची जागा पहिल्या मजल्यावर आहे, मला माहीत नव्हतं. चौदा पायऱ्या. कठडा नाही. आईने न बघता उजवा हात बाजूला पुढे केला. मी डाव्या बाजूला उभा होतो. तिचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग मी फिरून त्या बाजूला गेलो. प्रत्येक पायरीवर ती थांबते. चौथीवर जास्त. सातवीवर म्हणाली, घाई करू नको, प्रबुद्ध घाई करणा नाय.

वर काउंटरवर चंपाताई नावाच्या बाई आहेत. त्याच आईला रिक्षात बसवून देतात. त्यांनी वहीत आईचं नाव लिहिलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईला विचारलं, आजी, आज मुलगा नाही आला?

आई बाकावर टेकली. दम खाल्ला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यो पण माझोच."