नानीमावशीचं गाणं आणि सीडीचं कुलूप

२१ सप्टेंबर

आज उगाच घमेंड केली! नानीमावशी झेरॉक्सच्या दुकानात आली, पदरात गुंडाळलेली सीडी घेऊन. भुलाबाईच्या गाण्यांची. वीसेक वर्षांमागं अकोल्याच्या एका कंपनीनं आमच्या केनवडच्या बायांना नेऊन काढलेली. वर मावशीचं नाव छापलेलं, शेवटचं गाणं तिनं एकटीनं म्हटलेलं. घरी प्लेयर नव्हता. वाजवली तर झिजन, म्हणून दुसऱ्याकडंही तिनं ती कधी लावू दिली नाही. म्हणजे स्वतःचा आवाज तिनं ऐकलाच नाही! आणि गळ्याच्या ऑपरेशनपासून आता नुसती कुजबुजते.

"मोबाइलात टाकून दे व वैजू. कोजागिरीले माहा आवाज मले एकडाव आयकू दे."

म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे मावशी.

२२ सप्टेंबर

पाच मिनिटं म्हणे! सीडीला कुलूप आहे. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनंच घातलेलं. कॉम्प्युटरात टाकली की गाणी दिसतच नाहीत. कंपनीचा कसला तरी प्लेयर उघडतो आणि बंद पडतो.

२४ सप्टेंबर

इंटरनेटवर एकानं लिहिलंय — हे कुलूप सीडीच्या बाहेरच्या कडेला असतं. चकचकीत बाजूनं कडेकडेनं मार्करची बारीक रेघ मारायची, कॉम्प्युटरला कुलूप दिसतच नाही. मारली. आणि कॉम्प्युटर फसला की! धडाधड गाणी कॉपी व्हायला लागली. मी एकटीनंच दुकानात टाळ्या वाजवल्या. येडी!

शेवटचं होईना. रेघ रुंद पडली होती, आणि शेवटचं गाणं कडेलाच असतं. ते झाकलं गेलं. तिथंच थांबायचं ना? नाही! पर्समधलं नेलपॉलिश काढायचं औषध कापसावर घेतलं आणि घासघास घासलं. रेघ गेली. कड दह्यासारखी पांढरी झाली.

बाकीची सगळी गाणी आली. मावशीचं तेवढं गेलं.

२५ सप्टेंबर

मावशी आली. मी म्हटलं, "कंपनीनं कुलूप लावलं, मावशी. निघतच नाही."

सीडी कागदात गुंडाळून दिली, वरून चिकटपट्टी — तिनं उघडून पाहू नये म्हणून. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तुले लई तरास झाला न माय."

लाज वाटते. हे लिहितानाही वाटते.

२८ सप्टेंबर

मावशीचे यजमान, उकंडराव काका, दुकानासमोर उभे राहून ओरडले. "हिच्याच गाण्याले हिच्यापासून कुलूप? कायले? कोन हाय तो हरामखोर?" माणसं जमली. सगळे कंपनीला शिव्या देऊन राह्यले आणि मी आत मान खाली घालून झेरॉक्स काढत बसली. वर काका मलाच म्हणाले, "तू तं जीव तोडून केलं पोरी." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कॉपी झालेली गाणीसुद्धा लपवून ठेवली आहेत. ती दिली तर कुलूप निघालं हे कळेल ना! इतकी खालच्या दर्जाची आहे मी.

२ ऑक्टोबर

ती कंपनी केव्हाच बंद पडली. पण तिथं रेकॉर्डिंग करणारे भागवतसर सापडले. त्यांच्याकडं शेवटच्या गाण्याची फाइल आहे! पाठवतो म्हणाले. ठरवलं — गाणं मावशीच्या हातात ठेवायचं आणि सगळं खरं सांगायचं. मग तिनं चपलेनं मारलं तरी चालेल.

५ ऑक्टोबर

फाइल आली. ऐकली.

मावशी नाही ती!

लहानपणी भुलाबाईपुढं तिच्या मागं गाऊन मोठी झाली मी. झोपेतही ओळखीन तिचा आवाज. ही कोणी वेगळीच, गोडगोड गाणारी.

भागवतसरांना फोन केला. म्हणाले, "मावशींचा आवाज मालकांना जाड वाटला हो. मग दुसऱ्या बाईंकडून गाऊन घेतलं. नाव मावशींचंच राहू दिलं, गावात खपावी म्हणून." आणि हसले.

फोन ठेवला आणि रडली.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

फाइल पुसली आणि मगच मावशीकडं गेली. सांगितलं — कुलूप निघालं होतं, गाणं माझ्याच हातानं गेलं, त्याची दुसरी कॉपी कुठंच नाही. काकांनी दार दाखवलं.

मावशी एवढंच म्हणाली, "माहा आवाज होता व त्यात, वैजू."

म्हटलं, "हो मावशी. होता."