चेंडू गेल्यावर कुठे बघतो

बाबा, तुमचा नातू हॉकी खेळतो. तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्या पोटात होता, म्हणजे तुम्हाला हे माहीत असायचं काही कारण नाही. काठी त्याच्या हातात मी दिली नाही, शाळेत मिळाली त्याला. आता वीस वर्षांचा झालाय आणि एका कंपनीच्या टीममध्ये कॉन्ट्रॅक्टवर आहे. म्हणजे खेळायचा पगार मिळतो, नोकरी नाही. ते कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. कंपनी म्हणते अजून एक वर्ष ठेवतो, पुढचं पुढे बघू. इकडे मी पॅकिंगला आहे त्या चारकोपच्या फॅक्टरीचा शेठ म्हणतो, डिस्पॅचला मुलगा पाहिजे, कायमचा घेतो, पण शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगा. दोन्ही जमत नाही, ह्याची प्रॅक्टिस सकाळ-संध्याकाळ असते. ह्याच्या वडलांना विचारलं तर ते स्कूलबसची चावी उचलतात आणि म्हणतात, तुम्ही मायलेक काय ते बघा. मग हा माझ्या मागे लागला. "आई, रविवारी मॅच बघायला ये आणि खरं सांग, माझ्यात काही आहे का. तू आजोबांबरोबर गोलच्या मागे उभी राहायचीस ना? मग तुला कळणार." मी बोलले, मला काय कळतं रे, मी सातवी पण धड केली नाही. तर म्हणतो, "सातवीत हॉकी नसते."

लिहायची सवय नाही मला. फॅक्टरीत सही आणि पेटीवर नंबर, एवढंच. पण हे कुणाला तोंडाने सांगावं असं माणूस नाही, म्हणून पोराच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली.

तुमचं मैदान मला अजून दिसतं. कांदिवलीचं, मातीचं, एका कडेला खडी पडलेली. क्लबवाले रविवारी तुम्हाला बोलवायचे, कारण तुम्ही मिलच्या टीममधून खेळलेले, आणि तुमचं म्हणणं असं की एका मॅचमध्ये पोरगं ओळखता येतं. मिल संपात गेली, तुम्ही इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर खाकी घालून बसायला लागलात, पण रविवारी तुम्ही परत मोठे. आई मला तुमच्याबरोबर धाडायची. मला खेळाचं काही नव्हतं, पण मी बरोबर असले की तुमचा परतीचा रस्ता गुत्त्यावरून जायचा नाही. बाकीचे सगळे झाडाखाली खुर्च्या टाकून बसलेत, तुम्ही गोलच्या मागे उभे, हाताची घडी. मी शेजारी. चेंडू इकडून तिकडे जातो, माझी मान पण जाते. टपकन डोक्यात टपली. "चेंडू काय बघतंस गे? चेंडू सगळेच बघतत. चेंडू गेल्यावर पोरगो खय बघता, ता बघ." मग मी बघायला शिकले. कुणाचा चेंडू गेला की तो लगेच वळून मागे धावतो. कुणी पंचाकडे हात वर करतो. आणि कुणी आपल्या काठीकडे बघतो, जसं काय तिनेच केलं. काठीकडे बघणारा तुम्ही घ्यायचा नाहीत. कितीही गोल मारू दे. क्लबवाले हसायचे, पण तुमचं ऐकायचे.

दादाला पण तुम्ही असंच बघितलंत. तो अठरा-एकोणीसचा, क्लबमध्ये सगळ्यांना आवडायचा, मोठ्या टीमवाले कुणी बघायला आले होते त्याला. मी होते तिथे. मॅच संपल्यावर ते तुमच्याकडेच आले, कारण तुम्ही बाप आणि तुम्हीच बघणारे. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, "माझ्या झिलात काय नाय. दुसरो बघा." दादा तिथेच शर्ट बदलत होता. डोकं शर्टात अडकलेलं होतं, ते बाहेर काढायला त्याने बराच वेळ लावला. घरी आल्यावर आईने तुम्हाला काही विचारलं नाही, तिने वाढलं. त्याचे खेळायचे बूट तुम्ही मला दिलेत. "तू घाल, फुकट कशाला घालवायचे." मला ते मोठे होते, पुढे कागद कोंबून मी फॅक्टरीत घातले, तळ निघेपर्यंत. एवढीच एक वस्तू तुम्ही मला हातात दिलीत, म्हणून सांगते. राग वगैरे नाही. चांगले बूट होते.

तर रविवारी मी गेले. आता माती नसते, बाबा. निळं, प्लास्टिकच्या गवताचं असतं आणि खेळायच्या आधी त्यावर पाणी मारतात. पोरांच्या पाठीला बनियनमध्ये एक यंत्र बांधतात, कोण किती धावला ते बाहेर कॉम्प्युटरवर दिसतं. मी गोलच्या मागे जाऊन उभी राहिले तर शिटीवाला माणूस आला. "मावशी, इथे नाही, वर बसा. बॉल लागला तर मरून जाल." मी बोलले, मी इथेच बघते. तो बोलला, मग जाळीच्या बाहेरून बघा. मी जाळीच्या बाहेरून बघितलं.

आपला पोरगा हाफला खेळतो, म्हणजे मधल्या फळीत. उंच झालाय, पाठीला बाक काढून धावतो, तुमच्यासारखा. पहिल्यांदा चेंडू गेला त्याच्याकडून, साधा होता, घ्यायला पाहिजे होता. मी चेंडू सोडून दिला आणि ह्याला बघितलं. त्याने काठीकडे नाही बघितलं. मागे पण नाही धावला. मान वळवून मैदानाच्या बाहेर बघितलं, राखीव पोरं बसतात त्या बाकाकडे. मी मनात बोलले, संपलं. फॅक्टरीत झाकण हातात आलं की एका नजरेत कळतं, चालणार की रिजेक्टच्या डब्यात. तसंच झालं. वाईट पण वाटलं नाही. रिजेक्ट टाकताना कुठे वाटतं. पण मग दुसऱ्याचा चेंडू गेला, त्याने पण बाकाकडे बघितलं. मग समोरच्या टीमच्याने. सगळेच बघतात. थोडं खेळतात, बाहेर येतात, पाणी पितात, परत आत जातात, बसमध्ये चढल्या-उतरल्यासारखे. कोण दमला, कोण रडीचा, कोण शेवटपर्यंत टिकला, काही कळायला मार्ग नाही. मी जाळीला धरून उभी, आणि मला एकदम काही दिसेना.

मॅचनंतर त्यांचे सर भेटले. तरुण माणूस, सभ्य वाटला. मी सरळ विचारलं, ठेवायचा की नाही ठेवायचा, तुम्ही बोला. तो बोलला, "ताई, खरं सांगू? धावतो छान, ऐकतो. पण चेंडू आला की काय करायचं ते त्याला अर्धा सेकंद उशिरा कळतं. ते सुटेल की नाही, मला पण नाही माहीत. पंचविशीपर्यंत थांबलं तर कळतं. कंपनी काही पंचविशीपर्यंत थांबत नाही." मी बोलले, मग तुमच्या कॉम्प्युटरला विचारा. तो हसला. "त्याला फक्त धावणं कळतं."

घरी येताना पोराला झापलं. "चेंडू घालवलास आणि बाहेर काय बघत होतास रे? तिकडे कोण आरती ओवाळणार होतं?" तर हा आधी हसला आणि मग बोलला, "अगं, सर हात करतात बाहेर ये म्हणून. नाही बघितलं तर शिव्या बसतात. आम्हाला शिकवलंय बघायला." म्हणजे तुम्ही शिकवलेला बघायचा एकच डोळा, तो पण फुटला.

आठवड्यात दादा आला, गणपतीला गावी जायचं विचारायला. एका सोसायटीत सुपरवायझर आहे तो आता, गुडघे गेलेत. म्हणतो, "सोसायटीची लिफ्ट बंद पडली की मी पण बंद." चहा देता देता मी विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "दादा, तू खरंच चांगला होतास का रे?"

"कशात?"

"हॉकीत, आणखी कशात. कॅरममध्ये विचारणार आहे का मी?"

त्याने बशीत चहा ओतला. "काय माहीत. बाबा बोलले 'नाही', म्हणून नाही."

"पण तुला काय वाटायचं?"

"मला कुठे वाटायला वेळ मिळाला? रविवारी बाबा बोलले, सोमवारी मी कारखान्यात लेथ मशीनवर उभा." मग पोराकडे बघून म्हणाला, "ह्याचं काय करतेस?" मी बोलले, बघते. तो बोलला, "बघ." बशी धुवून ठेवली आणि गेला. बशी धुतो तो आमच्याकडे, आईने लावलेली सवय.

तो गेल्यावर ते माझ्या डोक्यात बसलं. सोमवारी लेथवर. म्हणजे लेथवाल्याला तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. रविवारी मॅच, सोमवारी काम, एवढ्या झटपट कुणी कुणाला ठेवत नाही, मी फॅक्टरीत तीस वर्षं बघतेय. मिल गेलेली, गेटवरच्या खाकीत घर चालत नव्हतं, मी शाळेतून निघालेच होते. तर मला एवढंच विचारायचंय, बाबा, तुम्ही त्या दिवशी दादाला बघितलंत का? का शनिवारीच ठरवून आला होतात? मी तुमच्या शेजारी होते. दादाने त्या दिवशी काठीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. नसेल बघितलं असंही म्हणत नाही. मला आठवत नाही, बस. तुमच्यावर चिडावं असं मी ठरवून पण बघितलं, भांडी घासताना. आलं नाही काही. तुम्हाला घर चालवायचं होतं. मला पण चालवायचंय. शेठची नोकरी चांगली आहे, आणि "तुझ्यात काही नाही" हे बोलायला तीन शब्द लागतात आणि ते बोलले तर पोरगा मानेल, कारण तो मला तुमच्या नजरेची समजतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी बांगडे तळत होते. तो ओट्याला टेकून उभा राहिला, तसा राहिला की मला राग येतो, तेल उडतं.

"मग? काय ठरलं तुझं?"

"माझं काय ठरायचंय? खेळायचं तुला."

"तू बघितलंस ना. बोल ना आता. आहे का काही?"

"मला नाही कळलं."

"तुला नाही कळलं? अगं तू कलिंगड रस्त्याच्या पलीकडून ओळखतेस."

"तू कलिंगड नाहीस. सरक, तेल उडेल."

तो सरकला नाही. मी एक बांगडा परतला, दुसरा परतला.   मग बोलले, "अजून एक वर्ष खेळ. शेठला मी 'नाही' सांगते."

"म्हणजे आहे!"

"जेवायला बस."

त्याने मित्राला फोन लावला. बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता, आई बोलली, आई, आई आजोबांबरोबर बघायची ना लहानपणी. त्याला वाटलं मला दिसलं काहीतरी. मी काही खोडलं नाही. गॅस बंद केला.

मला दिसलं म्हणून मी हो म्हटलं नाही, बाबा. तुम्ही दादाला नाही म्हटलंत, तो लेथवर गेला, आणि तुम्ही बरोबर होतात की चूक ते कुणालाच कधी कळलं नाही. दादाला पण नाही. हा वर्षभराने रस्त्यावर आला तर शेठकडे जागा नसेल, आणि घरात सगळे मला बोलतील, तो पण बोलेल. बोलू दे. निदान त्याला बशीत चहा ओतून "काय माहीत" म्हणायला लागणार नाही. एवढाच विचार केला. मोठा नाही काही.

शेठला आज सांगितलं. तो बोलला, पस्तावशील. मी बोलले, बघू, आणि पेट्या बांधायला घेतल्या.

ही पानं मी फाडून घेतलीत, पण पाठवायची कुठे, आणि तुम्ही होतात तेव्हा काही वाचून दाखवायला मला कधी बोलवलं पण नाही. राहू देत इथेच. पुढच्या रविवारी त्याची परत मॅच आहे. सकाळपासून विचारतोय, येशील ना, बघून सांगशील ना, ह्या वेळी वर बस, जाळीला लटकू नकोस. मी त्याला सांगितलंय, रविवारी ओव्हरटाइम आहे. ओव्हरटाइम नाही.