बँकेला हवा गंधाराचा पुरावा

द हेग,
कोजागिरीचा दुसरा दिवस

श्री. श्रीकांतराव यांना सुदर्शनचा नमस्कार.

थोरल्या साडूंना नमस्कार खरा तर वाकून करायचा. पण आठवडाभर पेट्या उघडून त्यांच्यावर ओणवा बसल्यामुळे मी सध्या वाकलेलाच आहे, तेव्हा तो पोचला असं समजावं. तुमची शुगर, मंजूषाताईंचा गुडघा आणि सोसायटीची लिफ्ट, तिघांचीही प्रकृती बरी असावी. (मागच्या फोनच्या वेळी लिफ्ट बंद होती आणि गुडघा चालू, आता उलट झालं असल्यास कळवावं.) इकडे शर्मिला मजेत आहे. ऑफिसात तिच्या हाताखाली आणखी दोन माणसं दिली आहेत, त्यामुळे हुकूम सोडण्याचा सराव वाढलाय आणि उरलेसुरले हुकूम ती घरी घेऊन येते. तुमची मृदुला आणि जावई आशुतोषराव दोघंही ठणठणीत. आशुतोषराव तर फारच ठणठणीत. हे पत्र त्यांच्यामुळेच लिहितोय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. शिवाय जे लिहितोय ते तुम्ही एकट्यानं, शक्यतो चहा पिऊन झाल्यावर वाचावं असं आहे.

मे महिन्यात तुम्ही इथं आलात, मागच्या शेडमधलं माझं पेटीदुरुस्तीचं दुकान बघितलंत आणि कपाळाला हात लावलात. जन्म बँकेत काढलेला माणूस तुम्ही. म्हणालात, "सुदर्शन, क्रेडिट कार्ड घेत नाहीस म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला तू सुट्टे आहेत का विचारतोस." वाक्य इतकं देखणं होतं की मी ते खरं धरलं. मिरजेला दुसऱ्याच्या दुकानात पितळ घासत शिकलेला, बायकोच्या व्हिसावर इथं आलेला, सुरुवातीला गोदामात खोकी उचललेला माणूस मी. इथवर स्वतःच्या अकलेवर आलो. एकदाच दुसऱ्याची उसनी घेतली, ती ही.

त्याआधी माझं काय अडत होतं? माझी निम्मी गिऱ्हाइकं सुरीनामी हिंदुस्थानी, म्हणजे ज्यांचे पणजोबा ऊसमळ्यांवर सुरीनामला गेले आणि तिथून पुढची पिढी इकडे आली ते. या लोकांच्या घरी देवाच्या खोलीत पेटी नसेल तर देवालाच करमत नाही. पेटी तयार झाली की गिऱ्हाईक शेडमध्ये स्टुलावर बसतं, एक भजन वाजवतं, मध्येच थांबून म्हणतं की हा पंचम जरा नाकात बोलतोय. मी पेटी पुन्हा उघडतो, तोवर शर्मिला घरी असेल तर चहा येतो (नसेल तर मी करतो, आणि तो जास्त चांगला होतो, हे तुमच्याजवळच ठेवा). पंचम नाकातून घशात उतरला की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पैसे देतं. कुणी रोख, कुणी खात्यातून. तक्रार आधी, पैसे मागून. हा क्रम उलटा करायला तुमच्या बँकेच्या लोकांनी यंत्र काढलं.

ते यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं. पैसे पोचले की टुंई करतं. आता ती टुंई कुठल्या सुरात असावी? पेटीच्या काळी चार आणि पांढरी सहा या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, जिथं देवानं काहीही ठेवलेलं नाही. मी दिवसभर सुरांना कान लावून बसणारा माणूस. प्रत्येक टुंईला माझ्या दाढा शिवशिवतात. वर दर व्यवहारामागे कंपनी आपला तुकडा मोडून घेते. आणि इथल्या डच माणसाला त्याचं कौतुक शून्य. शेजारच्या बाईंनी दारावरचा क्रेडिट कार्डाचा स्टिकर पाहिला आणि धंदा बरा चालत नाही का म्हणून हळू आवाजात चौकशी केली. त्यांच्या लेखी क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी, आणि उधारी म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. तीन महिने त्या यंत्राला कुणी हात लावला नाही. लक्ष्मी आली, पण सुट्टे घेऊनच आली.

मग नवरात्रात तुमचे जावई आले. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम इथल्या मंडळानं ठरवलाय, मृदुला त्यात तासभर गाणार आहे, म्हणून तिची पेटी सुरात लावून हवी होती. मी लावून दिली. पैशाचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, घरच्या माणसांकडून मी काही घेत नाही. त्यावर आशुतोषराव म्हणाले, "काका, पैसे नका हो घेऊ. कार्ड घ्या." मला वाटलं चेष्टा आहे. तर नाही. त्यांच्या कार्डावर खर्च केला की पॉइंट्स मिळतात, पॉइंट्स साठले की विमानतळावरच्या कुठल्याशा खोलीत फुकट उपमा मिळतो, आणि त्या उपम्याला थोडेच पॉइंट्स कमी पडत होते. म्हणजे जे काम मी फुकट करणार होतो त्याचे पैसे देण्यासाठी हा मुलगा माझ्याशी भांडला. एवढंच नाही, मंडळातल्या आणखी दोघांच्या पेट्या गाडीत घालून घेऊन आला, त्यांचं बिल आपल्या कार्डावर भरलं आणि त्यांच्याकडून पैसे आपल्या खात्यात घेतले. (पूर्वी आपल्याकडे बिल भरायला दोन माणसं भांडायची ती मोठेपणासाठी. आता उपम्यासाठी भांडतात.) तीनदा टुंई झाली. मला वाटलं, श्रीकांतरावांचं खरं ठरलं.

गेल्या सोमवारी मशीनवाल्या कंपनीची मेल आली. गिऱ्हाइकानं व्यवहारावर हरकत घेतली आहे, कारण, सेवा सांगितल्याप्रमाणे मिळाली नाही, पेटी बेसूर, शुक्रवारच्या आत पुरावा द्या, नाहीतर पैसे परत जातील. खाली नाव आशुतोषरावांचं.

पैशाचं सोडा, ते मी घेणारच नव्हतो. पण सुदर्शननं लावलेली पेटी बेसूर, हे वाक्य कुठंतरी छापलं गेलं, या विचारानं मला जेवण गेलं नाही. पुरावा म्हणजे काय द्यायचं, हे विचारायला कंपनीला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड होती. म्हणाली, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा. पाठवले. दोन्ही फोटोंत तीच पेटी, तसाच भाता, तशाच पट्ट्या. फरक एवढाच की दुसऱ्यात शेजारी चहाचा कप आहे. तिनं विचारलं की नेमकी सुधारणा कुठं दिसते. मी म्हटलं, बाई, ती दिसत नाही, ऐकू येते. आवाज पाठवू का? तिनं कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं की आवाजाची फाइल त्यांच्याकडे उघडत नाही, तेव्हा तेवढा आवाज पीडीएफ करून पाठवा.

मी सायकल काढली आणि थेट आशुतोषरावांचं घर गाठलं. दार उघडून मला पाहिल्यावर तो मुलगा वरमला. आत बसवलं, पाणी दिलं, चिवडा दिला. मी विचारलं, बेसूर वाटली तर मला का नाही सांगितलं? दहा मिनिटांवर राहतो मी. तर खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही मोठे. तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं? वाईट दिसतं. म्हणून मी गुपचूप ॲपमधून सांगितलं." श्रीकांतराव, हा तुमच्या घरचा आदर. मला वाईट वाटू नये म्हणून जावयानं माझ्यावर बँक सोडली. ॲपमध्ये म्हणे एक बटण होतं, 'या पेमेंटबद्दल काही अडचण आहे का?' त्याला वाटलं बँक मला हळुवारपणे सांगेल.

तेवढ्यात आतून मृदुलाचा रियाज कानावर आला. आता इथून पुढचं जपून वाचा. पेटी नितळ होती. मी स्वतः लावलेली पेटी मी झोपेतही ओळखतो. मृदुला काळी पाचात गाते, म्हणजे तिचा गंधार पांढरी दोनवर यायला हवा. तो येत नाही. पांढरी दोनच्या दारापर्यंत येतो, चप्पल काढतो आणि पायरीवरच बसतो. (तंबोऱ्यातला गंधार पेटीपेक्षा किंचित उतरलेला असतो, हे मलाही ठाऊक आहे. हा त्याच्याही खालच्या मजल्यावर राहतो.) बाकी गळा सुरेख, ताना स्वच्छ, फक्त हा एक सूर, आणि तोही दर वेळी नेमका तेवढाच खाली. चुकण्यातसुद्धा इतका पक्का गळा मी पाहिलेला नाही. गाणं थांबवून पोर बाहेर आली आणि म्हणाली, "काका, रागावू नका, पण तुमच्या पेटीचा गंधार चढा लागतोय."

मी चिवडा खाल्ला. दुसरं काय करणार? त्या पोरीनं ऑफिस सांभाळून वर्षभर या कार्यक्रमाची तयारी केली आहे. तिला सांगावं, तर पंधरवड्यावर आलेल्या कार्यक्रमात तिचा आवाज बसेल. न सांगावं, तर दिवाळीच्या पहाटे माझी सगळी गिऱ्हाइकं त्या हॉलमध्ये असतील, पेटी आणि गळा एकमेकांशी भांडतील, आणि अशा भांडणात लोक पेटीलाच दोष देतात, कारण पेटी नऊवारी नेसत नाही. माझ्याकडे पुरावा आहे, पण तो पुरावा म्हणजे तुमची मुलगी. तो बँकेला कसा पाठवू?

म्हणून म्हणतो, छोट्या धंद्यानं हे कार्ड घेऊ नये. टक्केवारीचं मी सोसलं असतं. पण पैसे हातातून हातात जाताना माणूस समोर बसतो, आणि समोर बसला की 'पंचम नाकात बोलतोय' एवढं म्हणायला त्याला अनमान वाटत नाही. कार्डानं माणूस टुंई करून घरी जातो, आणि जे तोंडावर बोलायचं ते परदेशातल्या कुठल्यातरी गोड मुलीला सांगतो. आपल्या लोकांना तोंडावर न बोलण्याची हौस आधीच दांडगी. तिला आता यंत्राची जोड मिळाली.

तुम्ही बँकेतले, तुम्हीच सांगा काय करू. मंजूषाताईंना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा धाकटा साडू,
सुदर्शन

ता. क. सल्ला विचारला तो रीत म्हणून. खरं काम वेगळंच आहे. तुम्ही वडील आहात, क्लासची फी तुम्ही भरलीत, तुमचा हक्क पोचतो. मृदुलाला एक फोन करून सहज बोलता बोलता 'गंधार जरा चढव' एवढं म्हणावं. माझं नाव घेऊ नये.

दुसरा ता. क. वरचं रद्द. चष्मा शोधायला आलेल्या शर्मिलानं पत्र वाचलं. रागावली नाही. "कुठला गंधार म्हणतोस तू?" म्हणून विचारलं आणि मृदुला गाणार आहे त्यातली एक ओळ स्वतः गाऊन दाखवली. श्रीकांतराव, तोच मजला, तीच पायरी. लग्न झाल्यापासून तो गंधार मी स्वयंपाकघरातून ऐकत आलोय आणि दोष एक्झॉस्ट फॅनला देत आलोय. म्हणजे हा तुमच्या आमच्या सासुरवाडीचा गंधार. मंजूषाताई मंगळागौरीला गातात तेव्हा तुम्ही बाल्कनीत का जाऊन उभे राहता, ते मला आज उमगलं. फोन करू नका. लेकीला बोललात तर दोघी बहिणींना बोलल्यासारखं होईल, आणि तुम्हाला अजून बरीच वर्षं तिथं राहायचंय. हे पत्र फाडावं.

तिसरा ता. क. आज सकाळी मृदुलाची पेटी उघडली आणि पांढरी दोनच्या पितळी रीड बुडाशी घासून तिच्या गळ्याइतक्या उतरवल्या. तिनं एकदा गाऊन पाहिलं आणि माझा हात धरून म्हणाली, "आता खरी लागली, काका." कंपनीला कळवलं की गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर आहे. पैसे परत गेले, त्याबरोबर आशुतोषरावांचे पॉइंट्सही गेले, म्हणून ते संध्याकाळी पुन्हा कार्ड घेऊन आले होते. मी ते घेतलं. दिवाळीला साथीला पेटीवर मीच बसणार आहे, म्हणजे लोकांनी नाक मुरडलंच तर ते माझ्याकडे बघून मुरडतील. यंत्रही परत करत नाही. कार्यक्रमाला ते हॉलच्या दाराशी ठेवणार आहे. ज्याला गंधार खटकेल त्यानं पोरीला तोंडावर न सांगता बँकेकडे हरकत घ्यावी.